नाण्यावरचा अंगठा

परक्या माणसासमोर बायकोचा अंगठा भिंगाखाली धरायचा, ही कुठली रीत? माईचं एवढंच म्हणणं होतं. सुनेला बोलायचं तर ते माईनं बोलावं. इतकी वर्षं ती नेमानं बोलत आली होती. कधी नीळ जास्त झाली म्हणून, कधी कमी झाली म्हणून. पण त्या कामात लेकानं नाक खुपसावं, तेही पाहुण्यांपुढे, हे तिला खपणारं नव्हतं.

लेकाला घरात सगळे बाळ्या म्हणत. बाळ्याला टक्कल पडलं होतं, चष्म्याचं दुकान होतं, आणि दिवसभर गिऱ्हाइकांच्या काचांवरचे बोटांचे ठसे पुसून पुसून त्याला माणसाच्या बोटांचीच शिसारी बसली होती. त्यात त्याला प्रूफ नाण्यांचा नाद लागला.

"माई, हे साधं नाणं नाही," त्यानं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. "टाकसाळीत याचा साचा आधी घासून आरशासारखा करतात. मग एकेक नाणं दोनदोनदा ठोकतात. हे बाजारात चालवायचं नसतं, बघायचं असतं."

"मग काढ बाहेर. बघते."

"बाहेर नाही काढायचं. डबीतूनच बघायचं."

माईनं डबीतून बघितलं. चकाकत होतं, नाही असं नाही. खाली लख्ख आरसा आणि त्यावर दव पडल्यासारखं पांढुरकं जहाज. जहाजाच्या शेजारी माईला स्वतःचं नाक दिसलं.

"छान आहे. आता याचं करायचं काय?"

"काही करायचं नाही! तेच तर!"

काही करायचं नाही म्हणता म्हणता बाळ्यानं बरंच केलं. मागच्या खोलीत काचेचं कपाट आलं. खिडकीला जाड पडदा आला. पांढरे हातमोजे आले आणि हवा कोरडी राखायच्या पुड्याही आल्या. घराच्या पुढच्या भागात माईची लाँड्री होती. माईचे गुडघे गेल्यापासून ती सून चालवत होती, आणि इस्त्रीचं टेबल मागच्या खोलीत होतं. इस्त्रीची वाफ नाण्यांना बाधते, असा शोध लागल्यावर टेबल जिन्याखाली गेलं. तिथे सून वाकून इस्त्री करायची आणि सरळ व्हायला गेली की डोकं जिन्याला आपटायचं. आपटल्याचा आवाज आला की बाळ्या आतून विचारायचा, "काय पडलं?"

"काही नाही," सून म्हणायची. "तुमचं नाही पडलं काही."

रविवारी नाणे मंडळाचे अध्यक्ष कपाट बघायला आले. बाळ्यानं त्यांना पायपुसणं दाखवलं, खुर्ची दिली, हातमोजे दिले. अध्यक्षांनी खिशातून स्वतःचे हातमोजे काढले. दोघं एकमेकांकडे बघून असे हसले, जणू एकाच आजाराचे रोगी.

"मी तर सीलच फोडत नाही," अध्यक्ष चहा घेताना म्हणाले. "टाकसाळीतून पाकीट येतं तसं कपाटात जातं. हवासुद्धा लागत नाही."

"मग आत नाणं आहे, हे कशावरून?" माईनं विचारलं.

अध्यक्षांचा कप बशीत परत गेला. नंतरचा चहा त्यांना गोड लागला नसावा.

मग बाळ्यानं जहाजाचं नाणं काढलं. कपाटात आलेलं पहिलं आणि मानाचं. अध्यक्षांनी डबीला भिंग लावलं, नाणं दिव्याखाली तिरपं केलं आणि डॉक्टर वाईट बातमी सांगतात त्या आवाजात म्हणाले, "चष्मेवाले, यावर अंगठा आहे."

"अंगठा?"

"शिडाच्या वर. जुना, पक्का बसलेला. आता पुसलात तर ओरखडे पडतील. याची प्रतिष्ठा गेली."

बाळ्याचा चेहरा धुवून पिळल्यासारखा झाला. आणि तो वळला तो थेट बायकोकडे. ती बिस्किटांची बशी घेऊन दारात उभी होती.

"तू उघडलंस. स्वच्छ करायला गेली असशील!"

"मी त्या कपाटाला फडकंसुद्धा लावत नाही. तुम्हीच बजावलंय."

"किल्ली कुठे असते ते तुलाच माहीत आहे."

"घर कुठे आहे तेही मलाच माहीत आहे. म्हणून काय मी चोर?"

तेव्हा बाळ्यानं दुकानाच्या पेटीतून चष्म्याच्या कोऱ्या काचा आणल्या, एक पुसली आणि बायकोपुढे धरली. "दाब अंगठा. अध्यक्षांसमोरच होऊन जाऊ दे."

सुनेनं बशी खाली ठेवली. आवाज चढवला नाही. "दाबते. पण माझा निघाला नाही तरी या आळाखाली मी इथे राहणार नाही. आजच बहिणीकडे जाते. जिन्याखाली दुसऱ्या कुणालातरी वाकवा."

माईनं सुनेच्या हाताकडे बघितलं. शर्टाची कॉलर अशी बसवणारा हात तिनं आयुष्यात दुसरा बघितला नव्हता. स्वतःचाही नाही. हे ती सुनेला कधी बोलली नव्हती आणि बोलायचा तिचा विचारही नव्हता; पण म्हणून तो हात घरातून जाऊ द्यायचा?

"थांब गं," माई म्हणाली. "आधी माझा. घरात मोठी मी आहे."

तिनं काचेवर अंगठा दाबला. अध्यक्षांनी भिंग लावलं, काच फिरवली, पुन्हा लावलं. "यात रेषाच नाहीत."

"कशा असतील? कोळशाच्या इस्त्रीनं भाजून गेल्या सगळ्या. बँकेतलं यंत्रसुद्धा मला ओळखत नाही. म्हणजे मी सुटले." माईनं हात पुढे केला. "आणा ते भिंग इकडे. ज्याच्यावरून माझं घर मोडायला निघालंय, तो अंगठा मला तरी बघू द्या."

"माई, सांभाळून!" बाळ्या ओरडला.

"तुला सांभाळलं, हे काय जड आहे?"

तिनं डबी दिव्याखाली धरली. अंगठा स्पष्ट होता, चांगला रुंद. त्याच्या रेषांवरून एक आडवी तिरकी रेघ गेली होती, इस्त्री करताना चुकून पडलेल्या घडीसारखी. माई बराच वेळ बघत राहिली. मग तिनं भिंग खाली ठेवलं.

"बाळ्या, उजवा अंगठा दाब."

"माझा कशाला? मी हातमोज्याशिवाय..."

"दाब म्हणते ना."

त्यानं दाबला. कोऱ्या काचेवर तोच रुंद अंगठा उमटला आणि तीच तिरकी रेघ.

"खळीच्या डब्याच्या पत्र्यानं कापलं होतं तुला," माई म्हणाली. "एवढासा होतास. घरभर रक्त. मी गिऱ्हाइकाचा रुमाल फाडून बांधला होता. ती रेघ मी विसरेन?"

अध्यक्षांनी काच बघितली, नाणं बघितलं आणि खाकरले.

"पण मी कधी..." बाळ्या पुटपुटला.

"आणलंत त्या दिवशी," सून म्हणाली. "बूटसुद्धा काढले नव्हते. डबी दारातच उघडलीत, नाणं हातात घेतलंत, खिडकीपाशी जाऊन उन्हात फिरवत बसलात. मला म्हणालात, ये, तोंड बघ यात. मी बघितलं. तुम्ही हसत होतात. हातमोजे नंतर आले."

अध्यक्ष हातमोजे काढता काढता म्हणाले, "काही हरकत नाही, चष्मेवाले. हे काढून टाका. दुसरं मिळेल. या वेळी सील फोडू नका."

बाळ्यानं काढून टाकायला डबी उचलली. पण ती त्याच्या हातातच राहिली. तो शिडाच्या वरचा अंगठा बघत होता, आणि बायकोकडे बघायचं टाळत होता. ते टाळणं माईनं बरोबर टिपलं.

"बाळ्या, इकडे बघ," ती म्हणाली. "त्या दिवशी तू हौशी होतास. त्यानंतर बिनपगारी राखणदार झालास, आणि राखणदारानं आज घरच्याच माणसाला चोर ठरवलं. यांची पाकिटं कुणाचीही असू शकतील. हे एकच नाणं तुझं आहे म्हणून ओळखता येतं, आणि तेच तू टाकायला निघालास! टाकायचं नाही. आधी बायकोची माफी माग, यांच्यासमोरच, आळ यांच्यासमोरच घेतलास ना! मग डबी उघड आणि ते नाणं मोकळ्या हातानं तिच्या हातात दे. आणि इस्त्रीचं टेबल आत आण. तुझ्या नाण्यांना वाफ सोसत नसेल, तर जिन्याखाली त्यांना ठेव. त्यांना काही वाकायचं नसतं."