हॉर्न जागेवर ठेवण्याबाबत

विषय : मोटारीवर बसवलेला तीन कर्ण्यांचा हॉर्न आहे त्या जागी ठेवण्यास परवानगी मिळण्याबाबत.

संदर्भ : तपासणीच्या वेळी साहेबांनी दिलेला तोंडी आदेश, "हे काढून आणा."

उपरोक्त विषयास अनुसरून कळवण्यात येते की, मी एक फियाट मोटार बोलते आहे. अर्ज माझ्या मालकांनी, जयरामरावांनी, केला आहे. पण त्यात मूळ हकिगत नाही. सरकारी अर्जात हकिगतीला जागा नसते, आणि असती तरी जयरामरावांनी ती लिहिली नसती. ते हेडक्लार्क होते. इतकी वर्षं हेडक्लार्कला घेऊन फिरल्यावर कोणतीही गाडी विषय आणि संदर्भ सांगितल्याशिवाय तोंड उघडत नाही. म्हणून हकिगत मी सांगते.

माझा जन्म मुंबईचा, १९७३ सालचा. रंग मोतिया. पहिले मालक नाशिकचे एक डॉक्टर. ते रोग्याची नाडी उत्तम बघत, रस्ता मात्र बघत नसत. एकदा त्यांनी मला मैलाच्या दगडावर घातलं. एक पोचा सोडून माझं तोंड सरळ करून घेतलं, पण त्यानंतर त्यांचं माझ्यावरून मन उडालं आणि ज्या विक्रेत्याकडून मला आणलं होतं त्याच्याच आवारात परत आणून उभं केलं. तोंडावरचा तो पोचा हीच जयरामरावांची संधी ठरली. एरवी क्लार्कच्या पगारात फियाट कुठली बसायला? सोसायटीचं कर्ज काढून, आणि नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका असलेल्या पत्नीच्या, सुमनबाईंच्या, फंडाला हात घालून त्यांनी मला घरी नेलं. सरकारी क्वार्टरमधल्या बायकांनी मला ओवाळलं. सुमनबाई म्हणाल्या, "आता हिला पोसायचं कोणी?" हा प्रश्न अजून उत्तराविना आहे, पण तो आजच्या विषयाबाहेरचा.

मला घेण्याचं कारण एकच होतं. जयरामरावांचे वडील, पुंजाराम आबा, सायखेड्याच्या बाजूला गोदावरीकाठच्या एका गावात राहत. त्यांच्या डोळ्यांना काचबिंदू झाला होता. दवाखान्यात सांगितलं होतं की गेलेली नजर परत यायची नाही आणि आहे ती हळूहळू जाईल. आबांनी मुलाजवळ आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती. "दिसतंय तवर एकदा तुझ्या गाडीत बसून गावातनं जायचं हाय."

एवढंच काम होतं. सायखेडा काही विलायतेत नाही. मी पहिल्याच रविवारी गेले असते.

पण त्याआधी जयरामरावांनी मला सर्व्हिसिंगला नेलं.

विक्रेत्याच्या काउंटरवर यादवराव नावाचे गृहस्थ बसत. टाय लावत आणि पेन्सिल कानावर ठेवत. जयरामराव दारातून आत आले तसे यादवराव उठले, त्यांनी वेताची खुर्ची पुढे सरकवली, म्हणाले, "या साहेब, बसा." मग चहा मागवला. कपबशीतून.

मी बाहेर उभी होते, काचेतून मला दिसत होतं. जयरामराव क्षणभर खुर्चीकडे बघत राहिले. ज्या गावात ते वाढले, तिथे त्यांच्या वडिलांचा कप वळचणीला वेगळा खोचलेला असे आणि बसायला सांगण्याची पद्धत नव्हती. कचेरीत ते हेडक्लार्क होते खरे, पण कचेरीतली खुर्ची सरकारची असते. ती कोणी पुढे सरकवत नाही, तिच्यावर आपलं आपण बसायचं असतं. ते बसले. अगदी कडेला.

यादवराव म्हणाले, "साहेब, गाडी खालून बघितलीय का कधी? गाडी वरून जात नाही. खालून जाते. पोटाला काळा लेप मारून घ्या, गंजाची काळजी नाही."

"घेऊ," जयरामराव म्हणाले.

लेपाबद्दल माझं मत चांगलं आहे. खेड्यातल्या चिखलात तो मला उपयोगी पडला. पण लेप वाळायला वेळ लागतो. जयरामराव मला शनिवारी अर्ध्या दिवसाची कचेरी सुटल्यावर नेऊन सोडत, आणि मी परत येई मंगळवारी. मधला रविवार गेला.

पुढच्या खेपेला इंजिन आतून धुवायचं निघालं. माझं इंजिन स्वच्छ होतं. विनाकारण जुलाब दिल्यावर माणसाला जसं वाटेल तसं मला वाटलं. मग सीटांना रेक्झिनची कव्हरं. मग पॉलिश. पॉलिशला माझा तात्त्विक विरोध नव्हता. पण दर वेळी खुर्ची पुढे येई, चहा येई, "साहेब, आपल्यासारख्यांची गाडी म्हटल्यावर..." असं वाक्य येई, आणि जयरामराव, जे कचेरीत टाचण्यांची एक डबी मंजूर करायला तीन शेरे मारत, ते इथे सगळ्याला मान डोलावत. आणि दर वेळी एक रविवार जाई.

नाही म्हणाले ते फक्त एकाच गोष्टीला. यादवरावांनी एकदा कपाटातून तीन पितळी कर्ण्यांचा हॉर्न काढून दाखवला. वाजवला तेव्हा आवारातली कबुतरं उडाली.

"नको," जयरामराव म्हणाले. "आपल्याला शोभत नाही. उगाच गाजावाजा."

घरी येताना ते खुशीत होते. वायफळ खर्चाला नकार दिल्याचा आनंद त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा मिळाला होता.

थंडी सुरू झाली तेव्हा शकुबाई आल्या. या जयरामरावांच्या धाकट्या बहीण, आबांना त्याच सांभाळत. मार्केटात मेथी उतरवून त्या क्वार्टरवर आल्या आणि माझ्या बॉनेटवर पदर टेकून उभ्या राहिल्या.

"दादा, लय चकाकती रे तुझी गाडी."

"पॉलिश केलंय."

"आबा आता भिंत धरून चालतात. परवा मला म्हणले, शके, दिवा लाव. दुपार होती."

जयरामराव म्हणाले, "या रविवारी येतोच. नाही, या नको, पुढच्या. यादवराव म्हणत होते, चाकांचं बॅलन्सिंग करून घ्या, मग गाडी कशी लोण्यासारखी..."

"आबांना लोणी नाय पायजे," शकुबाई म्हणाल्या आणि पाटी उचलून निघाल्या.

त्या गेल्यावर सुमनबाई बाहेर आल्या. त्यांचा आवाज शाळेतला नव्हता, घरातला होता.

"अहो, एक विचारू? तुम्ही तिथं गाडीसाठी जाता का?"

"मग कशासाठी?"

"खुर्चीवर बसायला जाता."

जयरामराव फडकं घेऊन माझी काच पुसू लागले. काच स्वच्छच होती. बराच वेळ पुसून झाल्यावर ते म्हणाले, "हो. बसायला जातो. बरं वाटतं."

"मग जात जा की. मी नको म्हणत नाही," सुमनबाई म्हणाल्या. "पण आबांनाही एकदा बसवा."

त्या रविवारी आम्ही गेलो. बॅलन्सिंग झालं नव्हतं आणि कोणाचंच काही बिघडलं नाही.

आबा पारावर येऊन थांबले होते. धुतलेलं धोतर, डोक्याला फेटा. डोळे उघडे होते, पण ते माझ्या डाव्या बाजूला, जिथे मी नव्हते तिथे बघत होते. जयरामरावांनी त्यांचा हात धरून माझ्यावर ठेवला. आबांनी तळहात दिव्यापासून दारापर्यंत फिरवला. ज्या पॉलिशसाठी एक अख्खा रविवार गेला होता, त्यावरून तो हात तसाच निघून गेला. पुढच्या पोच्यापाशी मात्र थांबला.

"हिला हितं लागलंय व्हय?"

"जुनं आहे, आबा."

"असू दे. रंग कोनता?"

"मोतिया."

"मोतिया," आबा म्हणाले. जणू दिसला.

ते पुढच्या सीटवर बसले. आम्ही गावातून निघालो. कांद्याच्या लागणीचे दिवस होते, माणसं शेतावर. जी घरी होती ती आतल्या कामात. माझा आवाज तेव्हा नवा नसला तरी सभ्य होता, आणि कारखान्यातून आलेला हॉर्न सर्दी झाल्यासारखा. मी वेशीपासून चावडीपर्यंत गेले. वाटेत एका शेळीने मान वर केली.

"कोन बघतंय का रे?" आबांनी विचारलं.

"बघतायत, आबा. सगळे बघतायत."

आबांनी कान बाहेर लावला. मग त्यांनी मुलाच्या मांडीवर हात ठेवला, आणि आवाजात राग अजिबात नव्हता.

"नाय रे. एकबी दार वाजलं नाय."

ही गोष्ट समजायला आबांची जुनी नोकरी माहीत हवी. गावकीचं काम त्यांच्याकडे होतं. तरुणपणी सरकारी सांगावा असो, पाटलाचं बोलावणं असो की कोणी गेल्याची खबर, आबांनी दारोदार जायचं, पायरीच्या खाली उभं राहायचं आणि हाक द्यायची. दार उघडेपर्यंत उभं राहायचं. अर्धं आयुष्य त्यांनी ती दारं बाहेरून ऐकली होती.

परतीच्या वाटेवर जयरामरावांनी गावातलं एकेक बंद दार बघून घेतलं.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, कचेरीला रजा टाकून ते विक्रेत्याकडे गेले. यादवरावांनी खुर्ची सरकवली.

"या साहेब, बसा."

"नको. आज उभाच बरा आहे. तो तीन कर्ण्यांचा हॉर्न आहे का अजून?"

"आहे ना! पण साहेब, त्याबरोबर चाकांचं..."

"फक्त हॉर्न."

"बॅटरी तरी..."

"यादवराव, फक्त हॉर्न."

यादवरावांनी कानावरची पेन्सिल काढली, परत ठेवली. "साहेब, तुम्हीच म्हणाला होता, शोभत नाही."

"मला नाहीच शोभत," जयरामराव म्हणाले.

यादवरावांनी माझी पुढची जाळी उघडवली आणि संध्याकाळच्या आत कर्णे बसवून दिले. चहा तेवढा आला, तो जयरामरावांनी उभ्याने घेतला.

पुढच्या रविवारी आबांना बसवून वेशीपाशी आल्यावर जयरामरावांनी हॉर्न दाबला, आणि दाबूनच धरला. मी स्वतः दचकले. कुत्री भुंकली, कोंबड्या कुठल्या कुठे गेल्या, आणि मग दारं वाजू लागली.

आबांनी मान तिरकी केली.

"हे सहादू सुताराचं. गावाची दारं करतो, सोताचं कुरकुरतं." पुढे गेलो. "हे बारकूचं, कडी अडकती त्याची. ढकल, बारकू, ढकल." आत कोणी तरी दार ढकलत होतं. बारकूच असावा. आबा हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं.

मग एक मोठा, जड आवाज आला. लाकडी अडसर सरकवल्याचा. आबांचं हसू थांबलं. "पाटलांचं," ते हळूच म्हणाले आणि फेटा नीट केला. जयरामरावांनी मला थांबवलं.

ओट्यावर पाटलांच्या घरातल्या लंकाबाई उभ्या होत्या. आबांच्याच वयाच्या, कपाळावर हात धरून.

"कोन रं? कोनाची गाडी?"

"मी पुंजाराम, बाई."

"पुंजा? तू गाडीत?"

"जयरामाची हाय. माझ्या पोराची."

लंकाबाई पायऱ्या उतरून खाली आल्या. माझ्या काचेपाशी येऊन त्यांनी आधी आत बसलेल्या आबांना बघून घेतलं, मग मला. "चांगली हाय रे," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "उतर की. घरात ये. चा घे."

असं आमंत्रण त्या दाराकडून पहिलंच असावं, कारण सुमनबाईंनी मागच्या सीटवर श्वास रोखलेला मला कळला.

आबांनी हात जोडले. "येईन, बाई. पुन्यांदा येईन. आज बसलोय."

त्यांनी सीटच्या रेक्झिनवर हात दाबला, आपण खरंच बसलो आहोत ना हे बघितल्यासारखा. जयरामराव समोरच्या काचेतून सरळ रस्त्याकडे बघत होते. त्यांना रस्ता दिसत नसावा, कारण निघताना त्यांनी मला पहिल्याऐवजी तिसऱ्या गिअरमध्ये टाकलं आणि मी बंद पडले. आबा म्हणाले, "असू दे. घाई नाय."

त्यानंतर आबा तीन वर्षं होते. चहालाही जाऊन आले, हे सुमनबाईंच्या बोलण्यात आलं. हॉर्न फक्त गावात वाजे. ते गेल्यावर जयरामरावांनी त्याची तार सोडवून ठेवली आणि नाशिकात जुना सर्दी झालेला आवाजच वापरला.

आता आम्ही नाशिकातच इंदिरानगरला राहतो. जयरामराव गेल्या वर्षी निवृत्त झाले. माझा काळा लेप जागोजागी सुटला आहे, पॉलिश तर लोक विसरूनही गेले. सर्व्हिसिंगला ते अजून जातात, खुर्चीवर आता नीट मागे रेलून बसतात, आणि यादवरावांच्या जागी आलेल्या मुलाने काहीही सुचवलं की विचारतात, "याने दार उघडेल का?" मुलाला वाटतं, म्हातारा गाडीच्या दाराबद्दल बोलतो आहे. तो तेल घालून देतो.

नोंदणीच्या नूतनीकरणासाठी मला आरटीओत तपासणीला नेलं तेव्हा तिथल्या साहेबांनी जाळीच्या मागे वाकून पाहिलं. असा हॉर्न नियमात बसत नाही, हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. ते स्वभावानेही वाईट नव्हते.

"काका, वायर तर सुटलेलीच आहे. वाजत नाही. मग ठेवायचा कशाला?"

आयुष्यभर दुसऱ्यांच्या अर्जांवर 'कारण नमूद करावे' असा शेरा मारलेले जयरामराव तिथे उभे राहिले. मग म्हणाले, "अर्ज करतो."

अर्ज त्यांनी तीनदा लिहिला. पहिल्या दोन्ही वेळा कारणाच्या रकान्यापाशी अडले. शेवटी सुमनबाई म्हणाल्या, "लिहा, कौटुंबिक." त्यांनी तेच लिहिलं.

माझंही त्याहून जास्त म्हणणं नाही. पोटावरचा लेप खरवडला तरी चालेल, कव्हरं फाटलीच आहेत. पुढे कधी मला भंगारात द्यायची वेळ आली तर एवढंच बघावं की कर्णे आधी उतरवून घरात ठेवले जातील.

जयरामराव दर सोमवारी चौकशीला जातात. मी बाहेर झाडाखाली उभी असते. आत त्यांना बसायला सांगतात, हे मला खिडकीतून दिसतं.

अर्ज विचाराधीन आहे.