दत्ताजींच्या नावावरचा नंबर

शनिवारी सकाळी दहा वाजता गुरुमूर्तींनी हेमलताला केबिनमध्ये बोलावलं आणि रात्रीच्या विमानानं जर्मनीला निघायचं आहे असं सांगितलं. चहाला येतेस का म्हणावं इतक्या सहज. चेन्नईजवळच्या गुम्मिडिपूंडीतल्या त्या कारखान्यात गुरुमूर्ती म्हणजे क्वालिटीचे सर्वेसर्वा, आणि कुणाला आधी कल्पना देणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. जर्मनीतल्या गिऱ्हाइकानं ब्रेकच्या सुट्या भागांचा अख्खा माल अडवून धरला होता. सोमवारी सकाळी सातला त्यांच्या शेडमध्ये उभं राहून एकेक भाग मोजायचा, आकडे इकडे पाठवायचे, इकडून नवी ड्रॉइंग्ज मागवायची. जमलं नाही तर वर्षाची ऑर्डर दुसऱ्याच्या घशात.

उन्हाळ्यातला दौरा ऐनवेळी रद्द झाला होता, त्यामुळे व्हिसा तेवढा तयार होता.

"नेटचं तुझं तू बघ," गुरुमूर्ती इंग्रजीत म्हणाले. "ते लोक बाहेरचा लॅपटॉप आपल्या नेटवर्कला लावू देत नाहीत. आणि तू उतरशील तो रविवार. रविवारी तिथं सिमकार्ड काय, पावसुद्धा मिळायचा नाही."

म्हणजे मोबाइलवरचं नेट. हेमलताचा नोकिया केबलनं लॅपटॉपला जोडला की नेट चालायचं, मुंगीच्या पावलानं का होईना. पण परदेशात ते चालायला रोमिंग हवं, डेटासकट, आणि तेही आजच. नवीन नंबर घ्यायचा तर कागदपत्रं तपासण्यातच चार दिवस जाणार. तिनं मोबाइल कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी मोठी गोड होती.

"चार तासांत चालू होईल मॅडम. कनेक्शन चार वर्षं जुनं आहे, काही अडचण नाही. फक्त मिस्टर दत्ताजी राव यांनी ओळखपत्र घेऊन स्वतः यायचं. टी. नगरचं सेंटर पाचला बंद होतं."

"त्यांच्या सहीचं पत्र आणलं तर?"

"नाही मॅडम. ते स्वतःच लागतील."

फोन ठेवताना हेमलताचा चेहरा उतरला. जर्मनीला जायची तिला भीती नव्हती. टी. नगरच्या मागच्या गल्लीत जायची होती.

चार वर्षांपूर्वी, दोन हजार चार साली, ती साताऱ्याहून चेन्नईला आली तेव्हा एकट्या मुलीला खोली द्यायला कुणी तयार नव्हतं. भाजीवाल्यापाशी ती आईशी फोनवर मराठीत भांडत होती आणि शेजारी उभ्या असलेल्या साठीच्या बाई टक लावून ऐकत होत्या. त्या राजसबाई. तंजावरच्या मराठी घराण्यातल्या. तीनशे वर्षं तमिळ मुलखात राहूनही घरात मराठी बोलणाऱ्या. त्यांनी हेमलताला सरळ हाताला धरून घरी नेलं आणि नवऱ्याला सांगितलं, "आपल्याकडची पोर आहे. वरची खोली हिला देऊं."

नवरा म्हणजे दत्ताजी. एन्नोरच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले, मितभाषी. हेमलताकडे चेन्नईच्या पत्त्याचा एकही कागद नव्हता, म्हणून मोबाइल त्यांनी आपल्या नावावर घेऊन दिला. ना भाडेकरार, ना कसली अट. पोर आहे, घरी फोन करायला नको का, एवढंच म्हणाले.

त्या मराठीनं पहिले काही दिवस हेमलताची करमणूक झाली आणि मग तिला त्या मराठीचा लळा लागला. 'सगळे'ला 'अस्के' म्हणायचं, लवकरला 'लोकर', चांगल्याला 'बेस'. वाक्य तमिळ चालीवर हेलकावे घेत संपायचं. संध्याकाळी कारखान्याच्या बसमधून उतरून ती जिना चढायला लागली की खालून हाक यायची, "जेवलीस कीं गे हेमा?" आणि दिवसभराचा शीण निम्मा व्हायचा.

आणि मग दोन वर्षांपूर्वीचा तो रविवार. पुण्याहून देविका आणि कीर्ती या मैत्रिणी आल्या होत्या. गच्चीवर गप्पा रंगल्या, आणि हेमलतानं पदर खोचल्याचा आव आणून, मान हलवत, राजसबाईंची नक्कल केली. "अस्के लोकर जेवूंन घ्या, लाजूं नका!" पोरी हसून हसून गडाबडा लोळल्या. मग तिनं आणखी केली. कुणी टाळी दिली की थांबायचं भान कुणाला राहतं? गच्चीचं दार उघडून बघते तो वरच्या पायरीवर झाकण घातलेलं स्टीलचं ताट. आत गरम पुरणपोळ्या.

राजसबाईंचे गुडघे दुखायचे, त्या कधी जिना चढत नसत. म्हणजे ताट घेऊन दत्ताजी आले असणार आणि ऐकून गेले असणार, हे तिनं गृहीत धरलं. दुसऱ्या दिवशी ताट घासून तिनं मुकाट्यानं स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर ठेवलं. रिकामंच. रिकामं भांडं परत करू नये हे दोन्हीकडचे लोक मानतात, पण त्या दिवशी तिला काही सुचलंच नाही. त्यानंतर राजसबाई तिच्याशी मराठीत एक शब्द बोलल्या नाहीत. "हेमा, कॉफी रेडी." "हेमा, मोटर स्विच ऑफ." भांडण नाही, टोमणा नाही. चार महिने हे सोसून हेमलतानं कारखान्याजवळ खोली घेतली. बिलाचा पत्ता बदलला, नाव बदलायला जायचं मात्र राहून गेलं. खरं तर ती गेलीच नाही, कारण त्यासाठीही दत्ताजींची सही लागली असती.

आता वाटभर तिनं एकच ठरवलं. आज सही घ्यायचीच आहे, तर नाव बदलायच्या कागदावरही घेऊन टाकू. एकदाचं सुटू.

दोन वाजता तिनं बेल वाजवली. दार राजसबाईंनी उघडलं. केस पुष्कळ पिकले होते. क्षणभर त्यांचे ओठ हलले आणि मग त्या तमिळमध्ये म्हणाल्या, "वा." ये. हातानं खुर्ची दाखवली आणि कॉफी आणायला आत गेल्या.

दत्ताजी बनियनवर बाहेर आले. हेमलतानं एका दमात सगळं सांगितलं: माल अडकलाय, रात्री विमान आहे, पाचला सेंटर बंद होतं. माफी मागायची होती ती मात्र राहूनच गेली. गरजेच्या वेळी मागितलेली माफी खोटी वाटते, असं तिनं स्वतःला समजावलं. खरं म्हणजे धीर झाला नाही. दत्ताजींनी ऐकून घेतलं, आत जाऊन शर्ट चढवला, ओळखपत्र खिशात टाकलं आणि चपला घातल्या.

"मी जाऊन येतों," त्यांनी आत सांगितलं.

आतून उत्तर तमिळमध्ये आलं. छत्री न्या, ऊन आहे.

रिक्षा साड्यांच्या दुकानांपुढच्या गर्दीत अडकली. शनिवारची दुपार, अर्धं चेन्नई रस्त्यावर. हेमलता घड्याळाकडे बघत होती. दत्ताजी समोर बघत बोलायला लागले.

"त्या दिवशीं ताट घेऊन मी आलों नव्हतों."

हेमलतानं घड्याळावरची नजर काढून त्यांच्याकडे पाहिलं.

"ती आली होती. गुडघे धरून, एकेक पायरी. पोरी आल्या आहेत, गरम असतां खाव्या म्हणून. खालीं आली, कांहीं बोलली नाहीं. दुसऱ्या दिवशीं म्हणाली, आपली मराठी खरी नव्हे. त्या पोरी तिकडच्या, त्यांना ठाऊक. आपण इतके दिवस उगीच बोललों."

"काका, मी..."

"ऐक गे. तुझ्याशीं बोलत नाहीं, तें सोड. माझ्याशीं पण बोलत नाहीं. मी मराठींत विचारतों, ती तमिळांत सांगते. चाळीस वर्षांचा संसार, आतां घरांत मी एकटाच मराठी." ते जरा थांबले. "मला तुझा राग नाहीं. तूं पोर. पण संध्याकाळीं घर फार विंगड वाटतं. दुसऱ्याचंच वाटतं."

हेमलता रडायला लागली. रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं आणि हॉर्न वाजवायचं बंद केलं. ती इतके दिवस समजत होती की आपण एका माणसाचं मन दुखावलं, आपणच घर सोडलं, विषय संपला. घरातून बोलणंच उठून गेलंय हे तिच्या गावीही नव्हतं. आपली मराठी अस्सल असल्याचा तिला काय तोरा होता! त्या अस्सल मराठीत दोन वर्षांत तिला 'चुकलं' एवढा एक शब्द म्हणता आला नव्हता.

सेंटरमध्ये पोचायला पावणेचार वाजले. काउंटरवरच्या माणसानं ओळखपत्र पाहिलं, दत्ताजींचा चेहरा पाहिला, फॉर्मवर तीन ठिकाणी फुल्या मारल्या. दत्ताजींनी चष्मा लावून सावकाश तीन सह्या केल्या. चार तासांत मेसेज येईल, विमानात बसायच्या आधी फोन बंद करून चालू करा, तिकडे उतरल्यावर डेटाचं सेटिंग असं करा, हे त्यानं हेमलताला कागदावर लिहून दिलं. मग त्यानं दुसरा फॉर्म पुढे सरकवला.

"सर, नंबर मॅडमच्याच नावावर करून टाका. एक सही दिली की दहा दिवसांत होईल. पुन्हा तुम्हाला त्रास नको."

"दे," दत्ताजी म्हणाले आणि त्यांनी पेनाचं टोपण परत काढलं. हेमलताकडे त्यांनी पाहिलं नाही.

येताना हाच कागद तिला हवा होता. तिनं तो उचलला आणि काउंटरवाल्याला परत दिला.

"नको. काकांच्याच नावावर राहू दे."

"पुन्हां काम पडेल," दत्ताजी म्हणाले.

"पडलं तर येईन. नाही पडलं तरी येईन."

त्यांनी टोपण लावलं आणि पेन खिशाला अडकवलं.

ती त्यांना सोडायला परत घरी आली. बॅग भरायची होती, तरी आली. राजसबाई दारातच उभ्या होत्या. या वेळी हेमलता खुर्चीवर बसली नाही.

"काकू, मी तुमची नक्कल केली होती. मैत्रिणींना हसवायला. तुम्ही ऐकलंत ते मला आज कळलं." "तुम्ही हाक मारायचात तेव्हा मला घरी आल्यासारखं वाटायचं. ते त्यांना सांगायची लाज वाटली, म्हणून मी हसले. चुकलं माझं. फार चुकलं."

राजसबाईंनी पदराला हात पुसले. "लाँग बॅक, मा," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "इट्स ओके." आणि आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात दहीभाताचा डबा होता. तो त्यांनी हेमलताच्या हातात दिला आणि दार लोटून घेतलं. हळूच, अजिबात न आपटता. आपटलं असतं तर बरं, असं हेमलताला वाटलं.

साडेसातला मेसेज आला. रोमिंग चालू.

सोमवारी सकाळी सातला जर्मनीतल्या त्या थंडगार शेडमध्ये नोकिया लॅपटॉपला जोडला तेव्हा तिनं मनातल्या मनात सगळे देव पाण्यात ठेवले होते. पडद्यावरची पट्टी रेंगाळली, थांबली, पुन्हा सरकली. पहिले आकडे गेले. दहाच्या सुमारास गुरुमूर्तींकडून सुधारलेली ड्रॉइंग्ज आली. दुपारपर्यंत निम्मा माल सुटला आणि इतका वेळ ताठ उभा असलेला तिथला मुख्य माणूस तिच्यासाठी कॉफी घेऊन आला.

कप तोंडाला लावते तो फोन वाजला. नंबर चेन्नईचा, टी. नगरच्या घरातल्या फोनचा. हा नंबर तिला तोंडपाठ होता.

"हलो?"

पलीकडे नुसता श्वास. मग आवाज आला, चाचरत, पायरी चाचपत उतरावं तसा.

"नेट आलं कीं?"

हेमलतानं कप खाली ठेवला. "आलं, काकू."

"हे सांगतात, नंबर तूं त्यांच्याच नावावर ठेवलीस."

"हो."

"मग मी पण बोलून बघावं म्हटलें. दोन वर्षं झालीं. शब्द लोकर येत नाहींत."

"येतील काकू. अस्के येतील."

शब्द तोंडून गेला आणि ती गारठली. हाच शब्द गच्चीवर तिनं मान हलवून म्हटला होता.

"हसतेस कीं?"

"नाही काकू. रडतेय."

"सेरी." बरं. पुन्हा एक लांब श्वास. "हसूं आलं तर हास गे. पण माझ्या समोर हास. गच्चीवर नको."

तिकडून मागे दत्ताजींचा आवाज ऐकू आला: ती परदेशांत आहे, तिला बिल पडतं, पुरे कर, ठेव आतां.

"तुम्हीं उगे बसा," राजसबाई त्यांना म्हणाल्या. मराठीत.