राखेचे ठोकळे आणि मी

मित्रांनो, काँक्रीटचे ठोकळे फोडणारं एक जुनं यंत्र आहे मी. सांगलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत, खिडकीजवळ माझी जागा आहे. माझ्या दोन जाड पोलादी तव्यांमध्ये ठोकळा ठेवून दाब वाढवत नेतात. ठोकळा फुटला, की माझा काटा त्याची ताकद सांगतो. माझ्या नवेपणी पाहुण्यांना आधी मलाच दाखवत. पुढे संगणकाची यंत्रं आली आणि माझी आठवण फक्त परीक्षेपुरती उरली.

गेल्या उन्हाळ्यात मात्र दीपमाला आली. वडूजची मुलगी, तिसरं वर्ष नुकतंच संपलेलं. वर्गातली बहुतेक मुलं गावी गेली. ती आणि तिचा मित्र शिवतेज रेश्मा मॅडमच्या हाताखाली संशोधनाला थांबले. साखर कारखान्यात उसाचं चिपाड जाळून उरलेली राख थोड्या सिमेंटऐवजी घातली तर काँक्रीट टिकेल का, हे त्यांना पाहायचं होतं.

पहिले ठोकळे आठवडाभर पाण्यात मुरवून माझ्याकडे आणले. माझा काटा चढतच गेला. साध्या काँक्रीटपेक्षा ते मजबूत निघाले! दीपमालाने आनंदाने गावी मामांना फोन केला.

मॅडम एवढंच म्हणाल्या, "छान. आता पुन्हा करा."

दुसऱ्या खेपेचे ठोकळे लवकर फुटले. काही तर हातात भुगा होऊन आले.

शिवतेज वैतागला. "यंत्र म्हातारं झालंय. पहिलेच आकडे ठेवू."

"पहिले आकडे पण यानंच दिलेत की रं," दीपमाला म्हणाली.

मित्रांनो, इतक्या वर्षांत माझी बाजू अशी कुणी घेतली नव्हती. पण तिने माझ्यावरही आंधळा विश्वास ठेवला नाही. राख न घालता साध्या काँक्रीटचे ठोकळे केले; काही माझ्याखाली फोडले, काही दुसऱ्या कॉलेजातल्या नव्या यंत्राखाली. आकडे जुळले.

त्याच आठवड्यात धोंडीबामामा प्रयोगशाळेत आले. ते फौजेतून निवृत्त झालेले, गावच्या अंगणवाडीचं बांधकाम बघणारे.

"दीपा, फरशीचं काँक्रीट वतायचं हाय. तुझी राख घालणार म्हणून गावाला सांगून बसलोय मी."

दीपमालाचा चेहरा उतरला. "आवं मामा, आत्ता नगं. एकदा चांगलं झालं, परत केलं तर न्हाई झालं. का, ते मलाच अजून कळलं न्हाई."

"लोक हसतील की गं."

"हसू द्या. बारकी पोरं चालणार हायत त्यावर."

मामांनी फुटलेला एक तुकडा उचलून बोटांनी चुरून पाहिला. मग म्हणाले, "बरं. साधंच वततो."

फरशी साध्या काँक्रीटची झाली. दीपमाला मात्र कारखान्यात जाऊन राख पाहून आली. पहिल्या खेपेला वापरलेल्या पोत्यातली राख करडी, पिठासारखी होती. दुसऱ्या खेपेची काळी, अर्धवट जळलेली. नीट जळलेली राख चाळून केलेले ठोकळे पुन्हा मजबूत निघाले. संशोधनाच्या शेवटच्या दिवशी तिने भुगा झालेल्या ठोकळ्यांचे आकडेही सगळ्यांसमोर मांडले.

"हे कशाला दाखवतेस?" एकाने विचारलं.

"यांच्यामुळंच तर प्रश्न कळला," ती म्हणाली.

मित्रांनो, मला वेळेवर तेल द्या, माझी धूळ पुसा. पण माझा एखादा आकडा मनाविरुद्ध आला, तर तो मात्र पुसू नका. आणखी एक ठोकळा घेऊन या.