खारीगड्याचं वकीलपत्र

"समितीच्या अहवालाची चारशे बारा पानं आहेत, आज्ञा. मी दोनदा चाळलीत," नटबर खटुआ म्हणाला. "विरोधी मताच्या टिप्पण्या सहा आहेत. तुमची नाही."

'आज्ञा' म्हणजे साहेब; ओडिशात थोरांना असंच म्हणतात. खासदार आर्तत्राण परिडा स्नान करून ओट्यावर पखाळ खायला बसले होते. भाताच्या आंबट पाण्यात बोटं तशीच ठेवून त्यांनी मिरची मागवली.

"राहिली रे," ते म्हणाले. "शुक्रवारी पाचच्या आत द्यायची होती. गडबडीत ध्यानातूनच गेलं बघ."

नटबर उभा राहिला. एकतीस वर्षं तो या माणसाचा मोहरीर होता. वकिलाचे कागद लिहायचे, तारखा सांभाळायच्या, साक्षीदार वेळेवर हजर करायचे, हे त्याचं काम. या एकतीस वर्षांत परिडाबाबूंची एक तारीख हुकली नव्हती. सकाळी बापाला अग्नी देऊन दुपारी ते ओल्या डोक्यानं कोर्टात उभे राहिले होते. त्या माणसानं ध्यानातून गेलं म्हणावं, आणि तेही नटबरला म्हणावं! नटबरच्या कानशिलाची शीर उडायला लागली. खोटं बोलायचं तर निदान थोडे कष्ट तरी घ्यावेत.

दिल्लीत जमिनीचा नवा कायदा होऊ घातला होता आणि तो तपासायला नेमलेल्या समितीत परिडा होते. कायद्यातलं नववं कलम असं होतं की सरकारी दप्तरात जी जमीन 'अनाबादी', म्हणजे कधी न कसलेली, अशी लिहिली आहे ती सरकारची. तिच्यावर दावा चालू असला तरी सरकारचीच. समितीतल्या ज्यांना हे मान्य नव्हतं त्यांनी तसं लिहून द्यायचं होतं. न लिहिलं तर मान्य.

आणि खारीगडा गाव दप्तरात शंभर वर्षं अनाबादी होतं. तिथल्या वाळूत त्रेचाळीस घरांचे पानमळे होते, पणजोबापासूनचे. कुणा साहेबानं कधीकाळी बोटीतूनच किनारा बघून तसं लिहिलं असावं.

याच खारीगड्यानं परिडांना परिडा केलं होतं. तेव्हा ते कोर्टाच्या आवारात ताडपत्रीखाली बसत, आणि शाई नटबरच्या घरून येई. त्यांनी न्यायाधीशांना थेट मळ्यावर नेलं. दारात उभं करून सांगितलं, "हुजूर, बूट काढा, पाय धुवा. इथं असंच आत जातात." न्यायाधीश मुकाट्यानं अनवाणी आत गेले. वेलींच्या हिरव्या रांगांमधून अर्धा तास हिंडले आणि बाहेर येऊन म्हणाले, "याला न कसलेली जमीन कोण म्हणतं?" निकाल तिथंच लागला होता. पुढं सरकार अपिलात गेलं आणि ते अपील अजून कटकच्या उच्च न्यायालयात पडून होतं. पण त्या अनवाण्या अर्ध्या तासावर परिडा दोनदा निवडून आले. प्रत्येक सभेत ती गोष्ट सांगायचे. शेवटी शेवटी तर डोळेही पुसायचे.

"मी टिप्पणी लिहून पाठवली होती," नटबर म्हणाला. "अकरा पानं. तुम्हाला फक्त सही करायची होती."

"पोचली होती. छान होती." परिडांनी वाडगा बाजूला सारला. "नटबर, मी आता एका गावाचा वकील नाही. वरून निरोप होता. पुढच्या महिन्यात खातेवाटप आहे. मी मंत्री झालो तर जिल्ह्याचं भलंच होईल ना? खारीगड्यालाही काहीतरी मिळवून देऊ. अपिलात तडजोड करून टाकू, वकीलपत्र माझंच आहे."

"त्यांना न विचारता?"

"त्यांना कायद्यातलं काय कळतं? आणि तोंड पाडून बसू नकोस. आज रज सणाचा पहिला दिवस. दुपारी गावात माझा सत्कार आहे, तूही ये."

कुंपणच शेत खायला निघालं होतं, आणि वर सत्काराला जाणार होतं. नटबर 'होय, आज्ञा' म्हणाला नाही. गेल्या निवडणुकीत खारीगड्याच्या दारोदार तोच हिंडला होता. "माझ्या शब्दावर मत द्या," असं त्यानंच सांगितलं होतं. परिडांइतकाच त्याला स्वतःचाही राग आला. चौकात येऊन त्यानं टंकलेखन करणाऱ्याचं बंद दुकान उघडायला लावलं, एक कागद तयार केला आणि मोटारसायकल काढली.

खारीगड्यात झोके बांधले होते. रज सणाचे तीन दिवस धरणी विटाळशी असते. कुणी नांगर धरत नाही, कुदळ मारत नाही, बायका चुलीकडे बघत नाहीत. नव्या साड्या नेसून पोरी झोक्यावर ओरडत होत्या. मंडपात कुंतळा माउसी पानाचं तबक घेऊन बसली होती. सत्तरी उलटलेली ही बाई गावच्या मळेवाल्यांची प्रमुख होती, आणि त्या जुन्या वकीलपत्रावर पहिला अंगठा तिचाच होता.

नटबरनं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, स्वतःचंही नाही. भोवती गडी जमले. एकजण म्हणाला, "येऊ दे त्याला. गाडीच उलटी करतो."

"रजेत मातीवर पाय आपटायचा नाही," माउसी म्हणाली. "तोंडाला पानं पुसली मेल्यानं, तीही आपलीच. नटबर, कायदा झाला का?"

"अजून नाही. लोकसभेत जायचाय. अपीलही उभं आहे. पण वकीलपत्र त्यांच्याकडे आहे तोवर ते तडजोड लिहून देऊ शकतात."

"मग काढून घे."

"कागद आणलाय. कटकच्या इतिश्री भोई म्हणून वकील आहेत, त्या उभ्या राहतील. जुन्या वकिलानं हरकत नाही म्हणून सही केली की झालं. नाही केली तर कोर्टात भांडावं लागेल, महिने जातील."

"करेल," माउसी म्हणाली. "चारचौघांत करेल."

परिडा आले ते हात जोडत आले. ढोल वाजला नाही. हार घेऊन कुणी पुढं झालं नाही, तेव्हा त्यांनी नटबरकडे पाहिलं आणि त्यांच्या ध्यानात आलं. तरी ते हसले. "काय माउसी, तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे. बस." तिनं तबकाखालचा कागद काढला. "यावर सही कर."

त्यांनी उभ्यानंच वाचलं. मान लाल झाली. "नटबर, हे तू केलंस? माझं मीठ खाऊन?"

"मी मोहरीर आहे, आज्ञा. तुम्हीच शिकवलंत, कागद पक्षकाराचा असतो," नटबर म्हणाला. "तुम्ही विसरला नाहीत. शुक्रवारी पाच वाजेपर्यंत तुम्ही घड्याळ बघत बसला असाल, एवढं मी तुम्हाला ओळखतो. हे मी कुठंही शपथेवर सांगेन."

झोके थांबले होते. साठ-सत्तर माणसं बघत होती. परिडांनी खिशातून पेन काढलं. टोक कागदावर टेकवलं आणि ते थबकले.

"अपिलाचं वर्ष चुकलंय," ते म्हणाले. "असा कागद परत येईल."

सवयीनं त्यांनी आकडा खोडला, शेजारी नीट लिहिला, बाजूला आद्याक्षरं केली आणि खाली सही केली. अक्षर पूर्वीसारखंच देखणं होतं. नटबरनं कागद घेतला, फुंकर मारून शाई वाळवली आणि दुमडून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला.

परिडा जायला वळले, तशी माउसीनं हाक मारली.

"थांब. रजेला कुणाला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत."

तिनं तबकातलं सगळ्यात मोठं पान घेतलं. चुना लावला, सुपारी, बडीशेप, खोबरं घातलं. घाई न करता विडा बांधला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. मग पुढच्या माणसासाठी दुसरं पान पुसायला घेतलं.

पोरींनी पुन्हा झोके घेतले. खासदार मंडपाबाहेर उन्हात उभे होते, हात पुढं तसाच. विडा तोंडात घालवेना आणि इतक्या लोकांसमोर टाकताही येत नव्हता. ड्रायव्हरनं गाडीचं दार उघडून धरलं होतं. त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं.