दाराआडचा बाप

तिने बाळ आईच्या मांडीवर ठेवलं, त्याच्या मुठीतून आपले केस सोडवले आणि टेबलाच्या पलीकडे संपादकांशेजारी जाऊन बसली. सोमवारपासून ती पूर्ण वेळ कामावर येणार होती. बाळाला पाळणाघरात ठेवायचं की आईजवळ, हे अजून ठरत नव्हतं. ती चार वर्षांची असताना आई तिला मावशीकडे ठेवून नर्सिंग शिकायला परगावी गेली होती, दोन वर्षं. त्याबद्दल दोघी कधी बोलल्या नव्हत्या.

"काकू, ही वाचेल ते तुमच्या शब्दांत सांगायचं," संपादक म्हणाले. "चूक-बरोबर काही नाही."

"म्हणजे परीक्षाच की हो ही," आई म्हणाली.

बायबलच्या नव्या भाषांतराचं काम एका ग्रीक शब्दापाशी अडलं होतं. एन्काटालेइपो. नुसतं निघून जाणं नव्हे. संकटात असलेल्याला तिथेच, एकटं मागे ठेवून जाणं. क्रुसावर खिळलेला मुलगा देवाला, म्हणजे आपल्या बापाला, हाच शब्द वापरून 'का?' विचारतो. सोडलंस, त्यागलंस की टाकलंस? असं अडलं की मजकूर कधी न वाचलेल्या माणसाला बोलावून ऐकवत. तो सांगत असताना वाचणाऱ्याने तोंड उघडायचं नाही, हा नियम. आजचा माणूस आला नव्हता, म्हणून आई.

तिने 'टाकलंस' घालून वाचलं. सपाट आवाजात.

आई बाळाच्या टाळूवरून हात फिरवत राहिली.

"पोरगं हाका मारतंय. बाप दाराआड उभा आहे. त्याला सगळं ऐकू येतंय. हातात बॅग, गाडीची वेळ झालेली. आत मावशी समजावतेय, पण ते कुठलं ऐकायला..."

"मावशी?" संपादकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "काकू, मावशी कुठून आली मध्येच?"

आईने बाळाचा मोजा वर ओढला. तो वरच होता.

"किती वेळ उभा होता?" तिने विचारलं.

संपादकांनी तिच्याकडे पाहिलं. नियम त्यांनीच घातला होता.

"रडून रडून झोप लागेपर्यंत," आई म्हणाली. "गाडी गेली. मग दुसरी धरली."

"अहो, पण हे वाक्यात..."

"राहू द्या, सर."

तिने पेनाला टोपण लावलं, पुन्हा काढलं.

"सोमवारी मी निघाले की हा घर डोक्यावर घेईल."

"घेऊ दे," आई म्हणाली. "मी आत असेन."