सरबताचा तांबडा जग

मित्रांनो, मी एक जुना तांबडा जग आहे. चिनीमातीचा, आतून-बाहेरून चकचकीत. आता अडगळीच्या फळीवर पालथा पडलो आहे, आणि तेच बरं. तुमच्यापुढे तोंड वर करायची माझी लायकी नाही.

कारखान्यात मला झिलईत बुचकळलं आणि भट्टीत भाजलं. त्या झिलईत शिसं होतं, म्हणजे विषच. खोक्यावर छापलं होतं, 'नाजूक वस्तू, जपून हाताळा.' माझ्यापासून कुणी जपावं, याबद्दल एक अक्षर नव्हतं.

एका आजीने मला हौसेने घरी आणलं. ती सकाळीच लिंबू पिळून सरबत माझ्यात मुरत ठेवी आणि नात शाळेतून आली की तिला पाजी. शेजारणींना ऐकवी, "माझ्या सरबताला साखर निम्मीच लागते." शेजारणी म्हणत, "तुमच्या हातालाच गोडी आहे." मीही फुगत असे. ती गोडी शिशाची होती. लिंबाच्या आंबटाने ते माझ्या अंगातून सुटून सरबतात उतरत होतं.

नातीचं पोट दुखू लागलं. घडाघडा येणारे पाढे ती विसरू लागली. सून म्हणाली, "आई, हिला मोठ्या डॉक्टरांना दाखवू या."

"कशाला? तुझी भाजी खाऊन माझंही पोट दुखतं. मी काही बोलले का?"

सून गप्प बसली. मीही गप्प. मला तोंड होतं, पण ओतण्यापुरतंच. त्यात सहा महिने गेले.

शेवटी रक्त तपासलं, त्यात शिसं निघालं. मग घरातली भांडी तपासली, तेव्हा माझं पाप उघडं पडलं. डॉक्टर म्हणाले, "शिसं हळूहळू निघेल. गेलेलं सगळं परत येईल, असं सांगता येत नाही."

अशी पुष्कळ घरं निघाली. खटला झाला, मग तडजोड. वकील कागद घेऊन आले. "कंपनी भरपाई देईल, यापुढे खोक्यावर इशाराही छापेल. चूक मात्र कबूल करणार नाही."

"कुणीच नाही?" आजीने विचारलं.

"तडजोडीत तसंच असतं, आजी."

आतल्या खोलीत नात सातच्या पाढ्यात अडखळत होती. आजीने अंगठा उठवला आणि सुनेकडे वळली. आवाज पार खाली गेला होता. "तू सांगत होतीस. मी तुझ्या भाजीला नावं ठेवत बसले. चूक माझी."

सून म्हणाली, "तिच्या औषधाची वेळ झाली, आई," आणि आत गेली.

मित्रांनो, भांडं नुसतं चकाकतं म्हणून त्याच्यावर भाळू नका. त्याच्या अंगात काय आहे, ते विकणाऱ्याला विचारा. आणि घरात कुणी काळजीने काही सांगत असेल, तर टोमणा मारण्याआधी ऐकून घ्या.