निळ्या सदऱ्यावरचं नाव

बॅट मोडेना. नानवाल्या उस्ता हैदरनं कुऱ्हाडीचा घाव घातला की ती नुसती वाजायची, मैदानावर वाजायची तशीच. तो दचकून थांबला आणि दुकानाच्या बंद फळ्यांकडे बघत राहिला. काबूलची ती गल्ली अजून जागी झाली नव्हती.

"तशी नाही तुटायची, बाबा," तहमिना म्हणाली. "कडेवर घाला."

मग ती तुटली.

नान भाजायच्या तंदुरात आधी बॅट गेली, मग पॅड, मग हातमोजे. शेवटी देशाच्या संघाचा निळा सदरा. पाठीवरचं तिचं नाव आधी आक्रसलं, मग थेंबाथेंबानं गळालं. काळा धूर घशात बसला.

"दुसरा सदरा कुठाय?" बापानं विचारलं.

दुसरा सापडत नव्हता. ट्रंक उपसली, रजया उसवल्या, तिची आई कोळशाच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून आली. सदरा नव्हताच.

बंदूकवाल्यांनी शहर घेतलं त्याला फार दिवस झाले नव्हते. टेकडीपलीकडे तिच्या संघाची यष्टिरक्षक राहायची. तिच्या घरी ते आले, कपाट उघडलं, सदरा बाहेर काढला, त्यावरचं नाव मोठ्यानं वाचलं आणि तिला गाडीत घातलं. त्यानंतर तिचा फोन कुणी उचलला नव्हता.

तहमिना पेशावरला, निर्वासितांच्या छावणीत खेळायला शिकली, भावांच्या मागं चेंडू आणायला पळता पळता. ताजिकिस्तानात, दुशांबेला देशाकडून खेळली, बळी घेतले. परत आली तर संघच मोडलेला. काही वर्षं तिनं अंगणात भिंतीवर चेंडू मारले. संघ पुन्हा उभा राहिला तेव्हा सगळ्या म्हणत होत्या तेच तीही म्हणाली: आता सुरुवात. हिला कारकीर्द म्हणायचं असेल तर म्हणा.

दुशांबेहून आली तेव्हा बाप गल्लीत सांगत सुटला होता, "आमच्या घरातल्या कुणीतरी बळी घेतलेत."

"कुणीतरी म्हणजे कोण?" ती आतून ओरडली होती. "मला नाव आहे!"

"हळू," बाप म्हणाला होता. "बाहेर पुरुष उभे आहेत."

बाईचं नाव पुरुषांच्या कानावर पडलं की इथं म्हणे घराची अब्रू जाते. लग्नाच्या पत्रिकेवर नाव नाही, थडग्यावर नाही. अमक्याची आई, तमक्याची पोरगी, एवढंच. तहमिनाचा या गोष्टीवर असा राग होता, की सदऱ्यावर नाव छापून आलं त्या दिवशी ती तो घालूनच झोपली होती.

ऊन वर आलं. समोरचा शिंपी उस्ता कुदरत नान घ्यायला आला आणि नाक धरून उभा राहिला.

"काय रे हैदर, आज कुणाची गाडी भाजलीस? नानला टायरचा वास मारतोय."

"लाकूड ओलं होतं."

"ओलं लाकूड रडतं रे. असं पादत नाही."

हैदर हसला नाही. कुदरतनं त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, नान काखेत मारला आणि तो निघून गेला.

आत तहमिनाच्या आईनं एकदम तोंडावर हात ठेवला.

"बाह्या," ती म्हणाली. "बाह्या आखूड होत्या ना... लांब करायला टाकला होता. वसंतात. कुदरतकडे."

तहमिना उठली तोच गल्लीत गाडी थांबली.

ती वरच्या खिडकीशी गेली आणि पडद्याच्या फटीला डोळा लावला. दोघं उतरले होते. एक अगदी कोवळा, दाढी नीट फुटली नव्हती, डोळ्यांत सुरमा, खांद्यावर बंदूक. ते सरळ शिंप्याच्या दुकानात शिरले. कुदरतच्या मागं दोरीवर कपड्यांची रास लटकली होती, आणि त्या राशीत खाली, पांढऱ्या कुडत्याआडून, एक निळं टोक बाहेर आलं होतं.

"या गल्लीत तहमिना कोण?" कोवळ्यानं विचारलं. "क्रिकेट खेळते ती."

कुदरतनं मशीनवरचा पाय थांबवला.

"कोण?"

"तहमिना!"

"या गल्लीत बायकांना नावं नसतात, बेटा. तुमच्या गावात असतात का?"

"म्हाताऱ्या, नीट सांग."

"नीटच सांगतोय. तू आधी तुझ्या आईचं नाव सांग. परक्या माणसापुढं ते घ्यायला तुला लाज वाटली नाही, तर मी या गल्लीतल्या बायकांची सांगतो."

बंदूक खांद्यावरून खाली आली. खालच्या खोलीत आईच्या हातून काहीतरी पडलं. कोवळ्याचे कान लाल झाले होते. दुसरा, वयानं मोठा, जमिनीकडे बघत होता. मग त्यानंच कोवळ्याचं कोपर धरलं.

"चल," तो म्हणाला. "झडतीला बाया घेऊन येऊ. घरात शिरून त्याच विचारतील."

गाडी गेली. कुदरतचं मशीन बराच वेळ चाललं नाही. मग चालू झालं, आणि दुपारपर्यंत थांबलं नाही.

अस्रची, तिसऱ्या प्रहरची बांग झाल्यावर तो नानच्या दुकानात आला. काखेत एक उशी होती, नवीकोरी, फुलाफुलांची, चारी बाजूंनी बारीक टाक्यांनी बंद केलेली. दुकानात आणखी एक गिऱ्हाईक नानची वाट बघत उभं होतं, पलीकडच्या चौकातलं. तहमिना आतल्या पडद्यामागं पीठ मळत होती.

"घे," कुदरत म्हणाला. "बाह्या लांब केल्यात. तहमिनाला सांग, उसवू नको."

तिचे हात पिठात थांबले. गल्लीतल्या एका तरी पुरुषानं आपलं नाव घ्यावं, साधं, आदरानं, हे तिनं जन्मभर मागितलं होतं. आता तिनं ओढणीचा शेव दातात धरला.

"कोण?" तिचा बाप मोठ्यानं म्हणाला. "कोण तहमिना?"

कुदरतनं त्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं. गिऱ्हाईक नान उलटून पालटून बघत होतं.

"चुकलो," तो म्हणाला. "म्हातारा झालो. दुसऱ्या गल्लीतली कुणी असेल. दोन नान दे."

उशी फळीवरच राहिली. गिऱ्हाईक गेल्यावर बापानं ती पडद्याआड सरकवली.

कुदरतनं कापूस ठासून भरला होता. तरी दाबल्यावर आतल्या सदऱ्यावरची अक्षरं बोटांना लागत होती, एकेक वेगळं. तहमिनानं उशी जमिनीवर टाकली, पालथी केली, आणि त्या बाया येणार त्या दाराकडे तोंड करून तिच्यावर बसली.